दापोलीकडचं समुद्राजवळचं जुनं घर: भाव विचारण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात राहता, निवृत्तीला दोन-तीन वर्षं आहेत. दापोली तालुक्यात समुद्रापासून "साधारण १२० मीटरवर" एक जुनं कौलारू घर आणि भोवतीची ११ गुंठे वाडी विकाऊ आहे. सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. निम्मे पैसे दुबईतला भाऊ घालणार, म्हणून खरेदी दोघांच्या नावे करायची आहे. एजंट सांगतो की घर गावठाणातलं आहे, सीआरझेड (समुद्रकिनाऱ्याजवळच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम) लागत नाही, जुनं पाडा आणि दोन मजली बंगला उठवा. आणि तुम्ही विचारताय, भाव बरोबर आहे का?

भावाचं उत्तर आज देता येणार नाही, कारण तुम्ही नेमकं काय विकत घेताय हेच अजून ठरलेलं नाही. जिथे बंगला बांधता येतो ती जागा, आणि जिथे असलेलं घर फक्त दुरुस्त करता येतं ती जागा, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एजंट पहिलीचा भाव सांगतोय. वर्णनावरून वस्तू दुसरी दिसते.

समुद्राचं अंतर आधी घेऊ. ते वाळूत उभं राहून किंवा मोबाइलच्या नकाशावर मोजायचं नसतं. उधाणाच्या भरतीचं पाणी जमिनीवर जिथवर पोहोचतं ती भरतीरेषा, आणि मोजणी तिथून सुरू होते. ही रेषा किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर आराखड्यावर आखलेली असते. त्या आराखड्याचा सर्व्हे नंबर दाखवणारा स्थानिक नकाशा मिळवा आणि तुमचा सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर त्यावर शोधा. सीआरझेडची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, मग २०११ ची, मग २०१९ ची. २०१९ च्या तरतुदी त्या जिल्ह्याचा नवा आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होतात. त्यामुळे नकाशा कोणत्या अधिसूचनेखालचा आहे तेही बघा.

ग्रामीण किनारा सीआरझेड-३ मध्ये येतो आणि तिथे भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र असतं. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी हे अंतर ५० मीटरवर आणलं, आणि एजंट मंडळी तेवढंच वाक्य पाठ करून ठेवतात. पण दाट म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकसंख्या. कोकणातल्या गावात वाडीतली घरं खेटून असली तरी डोंगर, कातळ, शेती धरून हिशेब केला की बहुतेक गावं या आकड्याच्या खूप खाली राहतात. म्हणजे २०० मीटर धरूनच चाला.

"गावठाणात सीआरझेड नाही" हे साफ खोटं. आणखी एक सूट अर्धवट सांगितली जाते: १०० ते २०० मीटरमध्ये घर बांधता येतं. येतं, पण ते पारंपरिक किनारी समाजांना, मच्छीमार धरून. त्यांच्याकडून घर विकत घेतलं की तो हक्क घराबरोबर तुमच्याकडे येतो, असं समजू नका. घर खाडीकाठी असतं तर हिशेब वेगळा झाला असता. तिथे २०१९ प्रमाणे ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. पण मग खारफुटी आणि तिच्याभोवतीचा पट्टा बघावा लागतो.

तर १२० मीटरवर काय करता येतं? असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी. तीही असलेला एफएसआय (जागेच्या प्रमाणात किती बांधकाम), जोत्याचं क्षेत्रफळ आणि घनता न वाढवता. म्हणजे या व्यवहारात किंमत आहे ती त्या मोडकळीला आलेल्या घराला. एजंटच्या सांगण्यावरून ते पाडलंत आणि परवानगी अडकली तर हातात नुसती वाडी उरेल. लेखी परवानगी मिळेपर्यंत जोत्याचा एक चिराही हलवू नका. घर १९९१ च्या आधीपासून आहे याचा पुरावा विक्रेत्याकडून आत्ताच मागून घ्या: ग्रामपंचायतीचे जुने असेसमेंट उतारे, घरपट्टीच्या पावत्या, जुनं वीजबिल. उताऱ्यावरचं क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष जोतं जुळतं का, ते टेपने मोजा. मागची पडवी नंतर वाढवलेली असेल तर ती हिशेबात धरू नका.

नकाशावर घर २०० मीटरच्या बाहेर निघालं तर चित्र पुष्कळ बदलतं. तिथे ९ मीटर उंचीपर्यंत, तळमजला अधिक एक असं राहतं घर बसू शकतं, आणि २०१९ ची अधिसूचना लागू असेल तर स्वतःच्या राहत्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामाला स्थानिक पातळीवर मंजुरी मिळू शकते. म्हणून पहिला खर्च या नकाशावर करा. बाकी सगळं त्यानंतर.

आता जमीन. ११ गुंठ्यांतलं घराखालचं दोन-अडीच गुंठे सोडलं तर उरलेली वाडी बहुधा शेतजमीनच असणार. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुमच्या स्वतःच्या नावावर राज्यात कुठेही सातबारा असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर "दाखला काढून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. असा व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि तो दाखला देणारा तेव्हा फोन उचलणार नाही.

दुबईतल्या भावाचं तर याहून अवघड. अनिवासी भारतीयाला फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. मूळचा शेतकरी असला तरी नाही. वारसाने येणं वेगळं. राहतं घर आणि बिनशेती जागा तो घेऊ शकतो. तेव्हा एकाच खरेदीखतात घर आणि वाडी दोघांच्या नावे, हे जमणार नाही. घराखालची जागा बिनशेती असेल तर तेवढी दोघांच्या नावे आणि वाडी तुमच्या एकट्याच्या नावे, असे दोन भाग होऊ शकतात. पण तुकडा पाडताना १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो का, ते आधी बघावं लागेल. भावाचे पैसे बँकेमार्फतच यायला हवेत: परदेशातून थेट, किंवा त्याच्या एनआरई, एनआरओ अशा अनिवासी खात्यातून. त्याचं नाव खतात नसणार असेल तर ती रक्कम भेट आहे की कर्ज, ते कागदावर लिहून ठेवा. नुसतं "आपलंच आहे" म्हणून सोडलं तर बेनामीचा प्रश्न येऊ शकतो, आणि भावाभावांत पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

सातबाऱ्यावर तीन गोष्टी वाचा. भोगवटादार वर्ग १ आहे की २. इतर हक्कांत काय लिहिलंय. आणि त्या नोंदींखालचे फेरफार (हक्क कसा बदलत गेला त्याच्या नोंदी) नंबर कोणते. वर्ग २ म्हणजे विक्रीवर बंधन असलेली जमीन, आणि कूळ कायद्याच्या "कलम ४३ ला पात्र" असा शेरा असेल तर ती कुळाने कायद्याने खरेदी केलेली आहे; दोन्हींत विक्रीच्या अटी, नजराणा (सरकारला भरायची रक्कम) पूर्ण केल्याशिवाय ती हलत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात "खाजगी वने" ही नोंद मुद्दाम शोधावी लागते. ती १९७५ च्या कायद्याची. वाडीत माड-पोफळी उभ्या असल्या तरी कागदावर जंगल असू शकतं. देवस्थान इनाम, सोसायटीचा बोजा, जुन्या कुळाचं नाव, यांतलं काहीही सापडलं तरी व्यवहार तिथे थांबवून आधी खुलासा घ्या. फेरफार जितके मागे मिळतील तितके मागे न्या. खोती (गावचा सारा खोताने वसूल करण्याची पद्धत) संपल्यानंतरचे, म्हणजे १९४९ च्या कायद्यानंतरचे, मिळाले तर उत्तम.

चौदा नावांकडे येऊ, कारण कोकणातले बहुतेक व्यवहार इथेच फसतात. चौदांतली काही माणसं वारलेली असणार आणि त्यांची वारस नोंद झालेली नसणार. प्रत्येक मयताचे वारस धरलेत तर चौदाचे तीस-पस्तीस होणं नवलाचं नाही. मुलींची नावं वगळलेली असतात. "लग्न होऊन गेली, तिचा काय संबंध" हे गावात ऐकू येतं, कायद्यात नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मसिद्ध हक्क स्पष्ट आहे. तिची सही हवी, नाहीतर तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. साध्या कागदावरचं संमतिपत्र चालत नाही.

एजंट इथे एक "सोपा" रस्ता सुचवेल: सध्या नऊ जणांचे हिस्से घ्या, बाकीचे हळूहळू येतील. राहत्या घराच्या बाबतीत हा रस्ता सगळ्यात वाईट. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा परक्याने घेतला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला त्या घराचा एकत्र ताबा मागता येत नाही. वाटपासाठी कोर्टात गेलात तर १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे उरलेले हिस्सेदार तुमचाच हिस्सा मूल्यांकनाने विकत मागू शकतात. म्हणजे पैसे भरूनही तुम्ही उंबऱ्याबाहेर. घ्यायचं तर सगळं घ्या, नाहीतर आधी त्यांनी आपसांत नोंदणीकृत वाटप करून घ्यावं आणि मग एका मालकाकडून घ्या.

चौदांपैकी कुणी मुंबईत, कुणी आखातात असेल, म्हणजे कुलमुखत्यारपत्र आलंच. मूळ नोंदणीकृत प्रत बघा. झेरॉक्सवर विश्वास नको. ते देणारी व्यक्ती खरेदीखताच्या दिवशी हयात आहे का, याची खात्री करा, कारण माणूस गेला की मुखत्यारीही संपते. व्हिडिओ कॉल करून खात्री करणं कुणाला उद्धट वाटलं तरी करा. परदेशात केलेलं असेल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित हवं आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरलेला हवा.

कोकणात आणखी एक गंमत असते, जी देशावरच्या वकिलाच्या लक्षात येत नाही. घरपट्टी एकाच्या नावावर आणि घराखालची जमीन दुसऱ्याच्या. असेसमेंट उतारा कर भरल्याचा कागद आहे, मालकीचा नाही. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभी असलेली घरं पुष्कळ आहेत. झाडांचंही तसंच: जमीन तुमच्या विक्रेत्याची, पण विहिरीकडचे चार माड आणि मागचा फणस चुलत्याचा, असं असू शकतं. "झाडझाडोऱ्यासह" हे शब्द खरेदीखतात नुसते लिहून भागत नाही. कुठल्या माडाचे नारळ कोण पाडतो, हे गावात विचारून घ्या.

हद्दीसाठी भूमी अभिलेखाची मोजणी करून घ्या आणि "क" प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, मिळेपर्यंत थांबा. गडगा (रचलेल्या दगडांचं कुंपण) म्हणजे हद्द नव्हे. गडगे ढासळतात, पुन्हा रचताना दोन हात सरकतात, आणि शेजाऱ्याचा गडगा नेहमी तुमच्याकडेच सरकतो. मोजणीच्या नोटिसा शेजाऱ्यांनाही जातात, त्यामुळे वाद असेल तर तो खरेदीआधीच बाहेर येतो; हाच तिचा मोठा फायदा. वाटेचं वेगळं बघा. आज गाडी दारापर्यंत जाते ती कुणाच्या जमिनीतून? गावनकाशावर रस्ता किंवा पाणंद दाखवलेली नसेल आणि वाट केवळ वहिवाटीची असेल, तर तुम्ही आल्यावर ती अरुंद होऊ शकते. वाट ज्याच्या जमिनीतून जाते त्याच्याकडून रुंदी आणि लांबी लिहून नोंदणीकृत हक्क घ्या. किनाऱ्याजवळचं घर आहे, तेव्हा रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आखणीत सर्व्हे नंबर येतो का, हेही प्रांत कार्यालयात विचारा.

कागद जुळले तर मग घराकडे वळा, आणि पहिल्यांदा विहिरीकडे. पुळणीवरच्या (किनाऱ्याच्या वाळूवरच्या) वाडीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब एकास चाळीसचा: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ फूट असेल तर खाली सुमारे ४० फुटांचा गोडा थर. उलटं केलं तर, मोठा पंप लावून पातळी फूटभर उतरवली की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर यायला बघतं. म्हणूनच रहाटाने वर्षानुवर्षं गोड राहिलेली विहीर पंप बसवल्यावर दोन उन्हाळ्यांत मचूळ होते, आणि बोअर खोल मारला तर पहिल्या दिवसापासूनच खारट. पाण्याची तपासणी मेच्या शेवटच्या आठवड्यात करा. ऑगस्टमध्ये सगळ्या विहिरी गोड असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅम आणि एकूण विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर अनुक्रमे १,००० आणि २,००० पर्यंत चालवून घेतात. बोअर मारू म्हणून गृहीत धरू नका, सीआरझेडमध्ये भूजल उपशावरही बंधनं आहेत. शौचालयाची टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून पन्नास-साठ फूट तरी लांब हवा, शेजाऱ्याचाही.

जुन्या चिऱ्याच्या भिंतींची मला सहसा काळजी वाटत नाही. जांभा चिरा खारा वारा सोसतो. लाकूड बघावं लागतं, आणि तेही खालून दिसतं तेवढंच नव्हे. वासे आणि पाट्यांची भिंतीत गेलेली टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मधे वासा खणखणीत असतो आणि टोकाला वाळवीने भुसा केलेला असतो. कौलं माकडं फोडतात, ती बदलता येतात; दरवर्षी पावसाआधी शाकारणी आलीच.

धोका असतो तो नंतर जोडलेल्या भागात. न्हाणीघर, स्वयंपाकघराची वाढीव खोली, पाण्याच्या टाकीचा स्लॅब. इथे समुद्राची वाळू वापरलेली असली की सळीला आतूनच मीठ लागतं. गंजलेली सळी फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. स्लॅबला खालून हातोडीने ठोकत जा. बद्द आवाज आला तिथे काँक्रीट सुटलेलं आहे. वरून प्लास्टर आणि रंग मारून हे सहा महिने लपतं, म्हणून नुकताच रंगवलेला स्लॅब जास्त बारकाईने बघा. पुढे तुम्ही काही बांधाल तेव्हा आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातली किनारी हवेसाठीची अट ठेकेदाराला लिहूनच द्या: किमान एम-३० काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नाही, सळीवर ४५ मिलिमीटर आवरण. शहरात स्लॅबला २० मिलिमीटरवर भागतं, आणि गवंड्याचा हात तिथेच बसलेला असतो.

घर एकदा जुलैत, अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणात, पाऊस लागलेला असताना बघा. मागच्या पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी कुठून वाहतं, पडवीत झड किती आत येते, लाटा सुरूच्या रांगेपर्यंत येतात का, हे उन्हाळ्यात कळत नाही. पुढची पुळण दरवर्षी खचतेय का, ते शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा. मालवणजवळ देवबागला समुद्र आणि कर्ली खाडीच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर धूप काय करते, ते बघण्यासारखं आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची कौलं आणि माड-पोफळींच्या बागा झोपवल्या होत्या. तेव्हा या घराचं काय झालं आणि पंचनाम्यात काय लिहिलं गेलं, हा कागदही मागा. दुरुस्ती न केलेला छपराचा एखादा पाखा त्यातून कळतो.

पैशाचा क्रम असा ठेवा. नकाशा, फेरफार आणि निदान ३० वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) होईपर्यंत विसार नाही. मग स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. त्यानंतर नोंदणीकृत साठेखत (खरेदीखताआधीचा करार), ज्यात वारस नोंद, मोजणी आणि वाटेचा हक्क या अटी पूर्ण झाल्यावरच पुढचा हप्ता असं स्पष्ट लिहिलेलं. शेवटी खरेदीखत. रोखीचा भाग मागितला तर नकार द्या. पुढे विकताना तो तुमच्याच अंगावर येतो. मुद्रांक ग्रामपंचायत हद्दीत आणि नगरपंचायतीत वेगळा पडतो. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. बिनशेती मिळकत ५० लाखांची किंवा त्यावर असेल तर निवासी विक्रेत्याचा १ टक्का कर तुम्हीच कापून भरायचा. चौदांतला कुणी अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्याला ५० लाखांची सूट नाही आणि दरही १ टक्क्याचा नाही. तिथे सीए गाठा, कारण कापायचा राहिला तर वसुली तुमच्याकडून होते.

आणि एक गोष्ट कागदात नसते. मूळ घर असेल तर तिथे कुटुंबाचा गणपती येतो, शिमग्याला पालखी त्या खळ्यात थांबते. विकल्यावरही भाऊबंद त्या दिवसांत येऊ इच्छितात का, हे साठेखताआधी समोरासमोर बसून विचारा. हो म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण भाद्रपदात वीस माणसं मखर घेऊन दारात आल्यावर ठरवू नका.

तुम्ही सांगितलेल्या भावात मी तरी आज विसार देणार नाही. सातबारा, त्यावरचे सगळे फेरफार आणि १९९१ च्या आधीचा असेसमेंट उतारा एवढं एजंटकडून मागवा. आले की नावं आणि सर्व्हे नंबर झाकून इथे टाका. चौदांपैकी कुणाकडे आधी जायचं ते त्यावरून सांगता येईल.